अंधार आणायचा कुठून?

मे महिन्यात पुण्यात सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. पश्चिमेचा उजेड विझून गच्चीवरच्या पडद्यावर काळा रंग काळा दिसायला पुढे चाळीस-पंचेचाळीस मिनिटं जातात. म्हणजे सिनेमा सुरू होणार पावणेआठला. तो ‘सैराट’ असेल तर लांबी १७४ मिनिटं. मध्यंतर न घेता, भेळेसाठी न थांबताही संपायला दहा चाळीस होणार. आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्रीचे दहा वाजले की उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. आर्ची-परश्याने हैदराबादेत संसार मांडलेला असताना आवाज बंद करायचा, आणि शेवट खाली हॉलमध्ये टीव्हीवर बघायचा.

गच्चीवर, अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडदा लावून सिनेमा बघायची हौस गेल्या काही वर्षांत चांगलीच पसरली आहे. करोनाच्या काळात महाराष्ट्रातली थिएटरं दोनदा बंद झाली. दुसऱ्या वेळी ती उघडली २२ ऑक्टोबर २०२१ला. तोवर हातात मावणारे एलईडी प्रोजेक्टर दहा हजारांच्या आतबाहेर मिळू लागले होते, आणि ओटीटीमुळे सिनेमा घरात येऊन पडलेलाच होता. मग सल्ल्यांना काय तोटा? दिव्यांच्या माळा लावा, गाद्या-लोड टाका, पॉपकॉर्नचं मशीन भाड्याने आणा. यातलं काहीही बिघडलं तरी संध्याकाळ बिघडत नाही. ती बिघडते वेगळ्याच गोष्टींनी. प्रोजेक्टर दुकानात मिळतो. अंधार, शांतता आणि शेजाऱ्यांची राजीखुशी मात्र जमवावी लागते.

तंबूवाल्यांना हे पक्कं ठाऊक होतं. पावसाळा सरला, सुगी हाती आली की महाराष्ट्रात जत्रांचा हंगाम सुरू होतो, आणि टुरिंग टॉकीजचे ट्रक त्या जत्रांमागे फिरत. थंडीच्या दिवसांत अंधार लवकर पडतो हा त्यांचा फायदाच. डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्यात सहाच्या आतच सूर्य बुडतो, म्हणजे मेच्या तुलनेत तासाभराहून जास्त वेळ पदरात पडतो. नागपूरकरांना भौगोलिक भाग्याने आणखी वीसेक मिनिटं मिळतात, कारण तिकडे सूर्य तेवढा आधी मावळतो. सुट्टीतली पोरं, रिकामी गच्ची म्हणून हा बेत बहुतेक घरांत मे महिन्यात आखला जातो. खरा त्याचा हंगाम दिवाळी ते शिवरात्र.

टुरिंग टॉकीजवर मराठीत गजेंद्र अहिरे यांचा ‘टुरिंग टॉकीज’ २०१३मध्ये आला. पण तो धंदा आतून दाखवला शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाने. तो २०१६मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याला माहितीपटांच्या पुरस्काराचा विशेष उल्लेख मिळाला. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूंचे शेवटचे दिवस त्यात आहेत: गंजलेली मशिनं, वेळेवर न पोचलेली रिळं, तिकीट काढून ताटकळलेली गर्दी. प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक कारागीरही त्यात भेटतो. त्याने आयुष्यभराच्या अनुभवातून स्वतःचा प्रोजेक्टर बनवला, आणि तो बनेपर्यंत रिळांचाच जमाना संपला. त्या तंबूकडून आजच्या गच्चीवाल्याने उचलावी अशी एक वस्तू आहे, ती म्हणजे कनात. लोक समजतात ती फुकट्यांना अडवायला होती. होतीच; पण जत्रेतले पेट्रोमॅक्स, पाळण्यांचे दिवे, मिठाईच्या दुकानांचा झगमगाट पडद्यापर्यंत पोचू न देण्याचं कामही तीच करत होती.

अंगणातल्या प्रयोगांचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना अमेरिकेतला. न्यू जर्सीतल्या रिव्हर्टन गावच्या रिचर्ड हॉलिंग्जहेडने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला घरासमोर गाडीच्या बॉनेटवर कोडॅकचा प्रोजेक्टर ठेवला, झाडांना पडदा ठोकला आणि आवाजासाठी पडद्यामागे रेडिओ ठेवला. पुढच्या गाडीमुळे मागच्याला दिसतं का हे बघायला त्याने गाड्या वेगवेगळ्या अंतरावर उभ्या केल्या, पुढच्या चाकांखाली ठोकळे सरकवले. पाऊस आला तर काय होईल हे बघायला हिरवळीवर पाणी मारायचा फवारा गाडीवर सोडला. त्या खटाटोपाला मे १९३३मध्ये पेटंट मिळालं आणि ६ जून १९३३ला कॅमडेनजवळ पहिलं ड्राइव्ह-इन उघडलं. पुढे १९४९मध्ये न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरवलं, ही गोष्ट वेगळी. मुंबईत त्याच जातीचा ताजा अवतार ५ नोव्हेंबर २०२१ला वांद्रे-कुर्ला संकुलात उघडला, तोही मॉलच्या गच्चीवर आणि २९० गाड्यांसाठी. आपल्याकडे गच्ची हीच मोकळी जमीन, हे त्यातून आपोआप सिद्ध झालं. हॉलिंग्जहेडकडून घ्यायचं ते इतकंच, की पाहुणे बोलावण्याआधी त्याने सगळं एकदा करून बघितलं होतं. आपल्याकडे रंगीत तालीम नाटकाची होते. पडद्याला मात्र ‘लावू की तेव्हाच’ म्हणतात, आणि मग सात माणसं प्रोजेक्टरभोवती वाकून ‘एचडीएमआय टू’ शोधत बसतात.

आता उजेडाचा हिशेब. प्रोजेक्टर किती प्रकाश टाकतो ते ल्यूमेनमध्ये मोजतात. खोक्यावर ‘१०,००० ल्यूमेन’ छापलेलं असतं, पण तो आकडा बहुधा आतल्या दिव्याचा किंवा निव्वळ कल्पनेचा. भिंगातून बाहेर पडून पडद्यावर पोचणारा उजेड ‘एएनएसआय ल्यूमेन’ किंवा आयएसओच्या मापात दिलेला असतो, आणि स्वस्त यंत्रांत तो दोनशेच्या आसपास असतो. ‘फोर-के सपोर्ट’ ही तशीच चलाखी: फोर-के फाइल यंत्र वाचतं, दाखवतं त्याच्या स्वतःच्या कमी ठिपक्यांत. विचारायचा शब्द ‘नेटिव्ह’.

चित्रपटगृहातला पांढरा पडदा साधारण ४८ निट्स (निट म्हणजे उजळपणाचं एकक) उजळावा असं मानक आहे. घरच्या शंभर इंची पडद्याचं क्षेत्रफळ येतं पावणेतीन चौरस मीटर. त्यावर थिएटरइतका उजेड हवा तर साधारण सव्वाचारशे खरे ल्यूमेन लागतात. दोनशेत निम्मा मिळेल, आणि अंधारात डोळे तेवढ्यालाही सरावतात. घोटाळा होतो काळ्या रंगाचा. प्रोजेक्टरला काळं टाकता येत नाही; जिथे तो काही टाकत नाही तिथे जे दिसतं ते काळं. रस्त्यावरच्या दिव्याचा दहा लक्स (म्हणजे दर चौरस मीटरला दहा ल्यूमेन) उजेड पडद्यावर येत असेल तर दोनशे ल्यूमेनच्या चित्रातला शुभ्र भाग काळ्याच्या जेमतेम आठपट उजळ दिसतो. नायकाचे केस, रात्रीचं आभाळ आणि खलनायकाची जीप, सगळं राखाडी. अशा वेळी माणूस हजार ल्यूमेनचा महागडा प्रोजेक्टर आणायला निघतो. त्याने ते प्रमाण सदतीसपट होतं. त्याऐवजी कठड्यावर काळी ताडपत्री बांधून तोच उजेड एक लक्सवर आणला, तर जुन्या दोनशे ल्यूमेनच्या यंत्रावर ते चौऱ्याहत्तरपट होतं. काही शे रुपयांची ताडपत्री पाचपट ताकदीच्या यंत्राला हरवते, आणि दुकानदार हे सांगत नाही.

म्हणून पडद्याची जागा ठरवताना चित्र कुठून छान दिसेल याआधी दिवे कुठून येतात ते बघायचं. रस्त्याकडे पडद्याची पाठ हवी, तोंड नको. पाण्याच्या टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची भिंत सोयीची असेल तर तिला पांढरा मॅट रंग दिला की झालं; ती वाऱ्याने हलत नाही, धुवायला काढावी लागत नाही. चादर लावायची असेल तर तिच्यामागे काळं कापड हवंच, नाहीतर अर्धा उजेड आरपार पलीकडच्या इमारतीवर जातो. चकचकीत फ्लेक्सची मागची बाजू अनेक जण वापरतात, पण तीही गुळगुळीत असेल तर मधोमध दिव्याचा गोळा दिसतो.

चादरीतून चित्र आरपार जातं याचा उपयोगही होता. गणेशोत्सवात सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर आणून रस्त्याच्या मधोमध पडदा बांधत, आणि गर्दी दोन्ही बाजूंना बसे. मागच्या बाजूला बसणाऱ्यांचा नायक डाव्या हाताने तलवार चालवायचा आणि श्रेयनामावली उलटी वाचावी लागायची. आजच्या प्रोजेक्टरच्या मेनूत चित्र उलटवायची सोय असते, त्यामुळे यंत्र पडद्यामागे ठेवूनही सरळ चित्र मिळतं. लहान मुलं असलेल्या घरात ही युक्ती सोन्यासारखी. प्रकाशाच्या झोतात हात घालून पडद्यावर ससा-हरीण करणारं पोर निदान तेवढ्यापुरतं निरुपयोगी होतं. मागे तीनेक मीटर मोकळी जागा मात्र लागते, कारण शंभर इंची चित्रासाठी साध्या प्रोजेक्टरला तेवढं अंतर हवं असतं.

वाऱ्याकडे कुणी लक्ष देत नाही. ताशी २० किलोमीटरची झुळूकही शंभर इंची पडद्याला सहा किलोच्या आसपास जोराने ढकलते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणजे वळवाच्या आधीच्या एखाद्या झोताला तोच पडदा पंचवीस किलोचा होतो. बांबू कुंडीत रोवून पडदा उभा करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. तिसऱ्या मजल्यावरून बांबू खाली गेला तर सिनेमाचं कौतुक कुणी ऐकणार नाही. पडद्याचा वरचा काठ पक्का बांधायचा आणि खालचे कोपरे इलॅस्टिकच्या दोरीने, म्हणजे झोत आला की कापड थोडं सुटतं आणि ताण खांबावर जात नाही. मुंबईत, कोकणात आणि गोव्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळचा खारा वारा नेमाने वाहतो. पणजीला इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या निमित्ताने मिरामारच्या वाळूत उघड्यावर सिनेमे दाखवले गेले, तशी सोय हौशी माणसाला परवडत नाही. त्याने भिंत शोधावी.

आवाजाच्या बाबतीत उघड्यावरचा सिनेमा घरातल्या सिनेमाच्या अगदी उलट वागतो. खोलीत भिंती आवाज परत आणतात. गच्चीवर तो निघून जातो, आणि जातो तो शेजाऱ्यांकडेच. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. पडद्याखाली ठेवलेला स्पीकर शेवटच्या रांगेला ऐकू जावा म्हणून चढवला की पहिल्या रांगेचे कान किटतात आणि पलीकडच्या गच्चीवरचे आजोबा उठून बसतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतल्या यंत्राचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त नसावा, असं नियम सांगतात. म्हणजे दहाच्या आत ६०. एक मीटरवर ७० डेसिबल देणारा छोटा स्पीकर चार मीटरवर ५८ला येतो. मग सोपा उपाय: दोन छोटे स्पीकर प्रेक्षकांच्या मध्ये, हळू आवाजात. एक मोठा भोंगा समोर ठेवायची सवय मंडपातून आली आहे आणि ती मंडपातच राहू द्यावी.

ब्लूटूथ स्पीकर सोयीचा, पण त्यात आवाज १५० ते २५० मिलिसेकंद मागे पडू शकतो. आवाज चित्राच्या १२५ मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाला ते जाणवू लागतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मापन आहे. गाण्यात खपून जातं; भांडणाच्या प्रसंगात ओठ आधी मिटतात आणि शिवी नंतर येते. दीड-दोनशे रुपयांची ऑक्स केबल घ्यावी. हेडफोनवाला ‘मूक सिनेमा’ही निघाला आहे, पण त्यात सगळे एकत्र बसून एकेकटे बघतात, शेजारधर्म पाळला जातो एवढंच.

डास आणि किडे हा भाग लहान पण रंगतदार. डास दुबळे उडणारे असल्यामुळे बैठकीवर फिरता पंखा ठेवला तरी बराच फरक पडतो, फक्त त्याचं तोंड पडद्याकडे नको. किडे मात्र उजेडाकडे जातात, आणि गच्चीवरचा सगळ्यात मोठा उजेड म्हणजे पडदा. भिंतीवर चित्र असेल तर किड्यांमागून पाल येते. कित्येक पट मोठ्या केलेल्या नायिकेच्या गालावरून पाल सावकाश चालत जाते, नाकाच्या शेंड्यावर थांबते आणि एक पाकोळी गट्ट करते. त्या क्षणी करुण प्रसंगाचं जे होतं ते दिग्दर्शकाने बघू नये. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात वेगळी अडचण. स्लॅब दिवसभर तापलेला असतो, संध्याकाळी पाणी मारूनही वाफा निघतात, आणि बरेच प्रोजेक्टर ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. दिव्यावर चालणारी जुनी यंत्रं असतील तर अचानक वीज गेल्यावर पंखा थांबतो आणि तापलेला दिवा लवकर मरतो, त्यामुळे छोटा यूपीएस लावलेला बरा. एक्स्टेंशन बोर्ड तीन पिनांचा आणि जमिनीपासून उचललेला असावा.

कोणता सिनेमा लावायचा, हे सगळ्यात शेवटी ठरतं आणि खरं तर सगळ्यात आधी ठरायला हवं. रात्रीत घडणारे, काळोखी रंगांचे आधुनिक थरारपट गच्चीवर वाया जातात. उन्हात चित्रित झालेले, दीड-पावणेदोन तासांचे सिनेमे जिंकतात. परेश मोकाशी यांचे ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘एलिझाबेथ एकादशी’ दोन्ही दीड तासाच्या आसपास संपतात. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ही दोन तासांच्या आत. ‘शोले’ तीन तासांहून जास्त, तेव्हा त्याला डिसेंबरच हवा. अंधार पडायच्या आधी सुरू करायचंच असेल तर प्रोजेक्टरचा नाद सोडून मोठा टीव्ही वर न्यावा. संधिप्रकाशात तो कुठल्याही घरगुती प्रोजेक्टरपेक्षा सरस, आणि आठ-दहा माणसांना पुरतो.

राहिला हक्कांचा प्रश्न. चित्रपट ‘जनतेला’ दाखवण्याचा अधिकार १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कधारकाकडे असतो. जनता म्हणजे कोण, यावर मुंबई उच्च न्यायालयाने १९८९मध्ये ‘गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक’ या खटल्यात निकाल दिला. तेव्हा केबलवाले व्हिडिओ कॅसेट लावून फ्लॅटाफ्लॅटात सिनेमा पोचवत होते आणि म्हणत होते, बघणारा तर आपल्या घरात बसून बघतो. न्यायालयाने ते मानलं नाही: पैसे भरणारे वर्गणीदार म्हणजे कुटुंब किंवा घरचे पाहुणे नव्हेत. त्या नजरेने बघितलं तर नातलग-मित्रांची गच्ची सुरक्षित, आणि तिकीट किंवा प्रायोजकाचा बॅनर लावलेलं सोसायटीचं पार्किंग नाही. ओटीटीची वर्गणीही बहुधा खासगी, बिगरव्यावसायिक वापरापुरतीच असते.

जुने सिनेमे तरी मोकळे असतील असं मंडळांना वाटतं. चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ १९५३चा, म्हणजे चित्रपटाचा हक्क २०१३ अखेर संपला. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकाचा हक्क २०१० अखेर संपला. पण पटकथा आणि संवाद अत्र्यांचे, आणि अत्रे गेले १३ जून १९६९ला; लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं धरला, तर तो २०२९ अखेरपर्यंत उरतो. गाण्यांचा हिशेब आणखी वेगळा, कारण संगीतकार वसंत देसाई १९७५मध्ये गेले. तेव्हा मंडळाने मैदानात लावायचा असेल तर हक्क कुणाकडे आहेत ते विचारून, लेखी परवानगी घेऊनच लावावा. घरच्या नातवंडांना गच्चीवर दाखवायला कुणाची आडकाठी नाही.